डोक्याला काय लावलं होतं

एप्रिल महिना, १९८३ साल, शनिवारची दुपार. सिल्वासातल्या एका भाड्याच्या घराच्या ओसरीवर पाच मुलं एकापुढे एक बसली होती आणि मंजुळाबाई त्यांच्या डोक्यांतून फणी फिरवत होत्या. एका मुलाचं झालं की फणी पदराला पुसायची आणि पुढचं डोकं मांडीशी ओढायचं. डोकी पाच, फणी एक, तेलाची वाटी एक.

“आमच्या घरात तुझं-माझं नाही,” मंजुळाबाईंची थोरली जाऊ, म्हणजे मुलांची मोठीआई, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. धुळ्याकडून इथे येताना दोन्ही भावांनी मिळून एकच चूल मांडली होती, याचा तिला मोठा अभिमान. मुलांना एकच सतरंजी, मुलींना एकच रिबिनींचा डबा, आणि सगळ्यांना ही एक लाकडी फणी.

दहा वर्षांची विद्या ओळीत तिसरी होती. आई मंजुळाबाईंची ती एकुलती एक. बाकीची चौघं मोठीआईची. सगळ्यांत थोरला पराग स्वतःच्या डोक्यातून निघालेल्या उवा नखावर घेऊन मोठ्याने मोजत होता.

“अकरा! विद्या, तुझ्या किती?”

“सात.”

“हॅट! नापास.”

आई हसली. त्या हसण्यात काही विशेष नव्हतं, आणि म्हणूनच ते विद्याच्या लक्षात राहिलं.

मोठीआईला मात्र हसू येत नव्हतं. शाळेतून चिठ्ठी आली होती, ‘मुलांची डोकी साफ करून पाठवावीत.’ त्यातच बुधवारी गावाकडे नणंदेच्या मुलीचं लग्न होतं आणि सगळं घर मंगळवारी निघणार होतं.

“लोक काय म्हणतील? फॅक्टऱ्यांच्या गावाला गेले, आणि उवा कमावून आले म्हणतील! मला तर वाटतं, ही सगळी त्या जयाची देणगी.”

जया ही चिमाबाईची मुलगी. चिमाबाई जवळच्या सुरंगी गावाहून येऊन घरोघरी भांडी घासायची. त्या दुपारी राख हाताला तशीच ठेवून ती ओसरीपाशी येऊन उभी राहिली.

“बाय, माझ्या पोरीचं डोकं एक डाव बघा ना. बघा आणि मग बोला.”

“मला नाही बघायचं. उद्यापासून पोरीला आणू नकोस.”

चिमाबाई गेली. फाटकाशी मंजुळाबाईंनी तिला गाठलं, जयाला उन्हात उभं केलं आणि तिचे केस भांग पाडून पाडून पाहिले. विद्या लांबून बघत होती. एक लीखसुद्धा निघाली नाही. आईने जयाच्या गालावरून हात फिरवला आणि परत येऊन मुकाट्याने फणी हातात घेतली. थोरल्या जावेला चुकीचं ठरवायची त्या घरात रीत नव्हती.

चार वाजता आबा कामावरून आले. आबा म्हणजे विद्याचे मोठे काका. सगळी मुलं त्यांना आबाच म्हणत. गलोंड्याच्या एका कारखान्यात शेतीची औषधं डब्यांत भरली जात, तिथे ते गोदाम सांभाळत. त्यांनी पिशवीतून खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली काढली. आत पिवळसर पाणी होतं. बूच उघडताच सडलेल्या लसणासारखा आणि रॉकेलसारखा वास ओसरीभर पसरला.

“कपाशीवर मारलं की बोंडअळी जागच्या जागी गार होते,” आबा म्हणाले. “उवांची काय टाप! तेलात कालवा आणि उद्या सगळ्यांच्या डोक्याला चोळा. मंगळवारी ऐटीत गाडीत बसा.”

धाकट्या सुनेने थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही, हा त्यांच्याकडचा रिवाज. काही विचारायचं झालं तर मध्ये मूल घालायचं. मंजुळाबाईंनी पदर पुढे ओढला आणि हळूच म्हटलं, “विद्या, आबांना विचार, बाटलीवर कागद का नाही?”

“आबा, बाटलीवर कागद का नाही?”

“मोठ्या पिंपातून काढलंय, बाळा. सांग आईला, घरचाच माल आहे.”

“विद्या, विचार, माणसाच्या अंगाला चालतं का?”

“आबा, माणसाच्या अंगाला चालतं का?”

“आमच्याकडची पोरं दिवसभर त्यातच हात घालून असतात! काही होत नाही.”

 उवा फणीनेही जातील, फक्त दिवस लागतील, हे आईला कुणाकरवी सांगता आलं नाही.

रविवारी सकाळी विद्याचे वडील कारभारी पहिल्या पाळीला खडोलीच्या कारखान्यात जायला निघाले. तेव्हा नवरा-बायकोचं थोडं वाजलं. लग्नाला तुम्हीही चला, असं आई म्हणत होती. “सुट्टी नाही म्हणून सांगितलं ना! जायचं तर जा एकटी,” असं म्हणून ते डबा न घेताच गेले. आई दारात उभी राहिली. मग तिने डोळे पुसले आणि कामाला लागली.

नऊ वाजता मोठीआई तेलाची वाटी घेऊन आली. वाटीकडे बघून विद्याला रडू फुटलं. तो वास तिच्या घशात उतरत होता.

“थांबा बाई,” आई म्हणाली. “माझ्याही डोक्यात झाल्यात. आधी मी लावून बघते. पोरांचं दुपारी बघू.”

तिने वाटी घेतली आणि बोटांनी सगळं तेल केसांच्या मुळाशी चोळलं. मग वेणी घट्ट घालून वर फडकं बांधलं.

बारा वाजता तिला घाम सुटला. मग ओकारी झाली. एक वाजता तोंडातून लाळ गळू लागली, हातापायांचे स्नायू फडफडू लागले. विद्या जवळ गेली तेव्हा आईने डोळे उघडले होते, पण ते आईचे डोळे वाटत नव्हते. मधला काळा ठिपका मोहरीएवढा झाला होता. विद्या भिंतीला चिकटून उभी राहिली. तिला आईजवळ जायचं होतं आणि पाय पुढे पडत नव्हते.

आबा आणि मोठीआईने तिला सरकारी दवाखान्यात नेलं, विद्याही मागोमाग गेली. तिथे एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली आणि झटकन वळून विचारलं, “काही प्यायल्या आहेत का? शेतावरचं औषध वगैरे?”

आबांनी मोठीआईकडे पाहिलं. डॉक्टरांना म्हणायचं होतं एक, यांना ऐकू आलं दुसरं. घरातली सून विष प्यायली! म्हणजे पोलीस येणार. बाटली कुठली, हे निघणार आणि नोकरी जाणार. आणि कशासाठी? तर उवांसाठी!

“नाही साहेब! आमच्या घरात तसलं काही नाही. रात्रीची शिळी भाजी खाल्ली, तेवढंच,” आबा म्हणाले.

“खरं सांगा. वेळ घालवू नका.”

“देवाशपथ, काही प्यायली नाही.”

हे तर खरंच होतं. ती काही प्यायली नव्हती.

तिसऱ्यांदा विचारताना डॉक्टरांनी खोलीभर पाहिलं. त्यांची नजर दाराशी उभ्या विद्यावरही एक क्षण थांबली. आदल्या दिवशी दोन मोठ्या माणसांचे निरोप इकडून तिकडे नेणारी ती मुलगी! आता तिला कुणी ‘विद्या, सांग’ असं म्हटलं नाही. मोठीआईचा हात तिच्या खांद्यावर होता, आणि तो घट्ट होत गेला. विद्या बोलली नाही.

डॉक्टरांनी आपल्या अंदाजाने इंजेक्शनं दिली. नळी घालून पोट धुतलं, पुन्हा धुतलं. खाटेच्या कडेवरून आईची वेणी खाली लोंबत होती आणि तिच्या टोकाशी तेलाचा थेंब जमत होता. विद्या त्या थेंबाकडे बघत राहिली.

संध्याकाळी मंजुळाबाई गेल्या.

गावाकडे कळवलं ते असं, की काळीज अचानक बंद पडलं. कारभारी पाळीवरून थेट दवाखान्यात आले होते. डॉक्टर काय विचारत होते, ते त्यांना तिथल्या एका सेवकाकडून कळलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी विद्याला एकटीला गाठलं.

“विद्या, त्या दिवशी मी गेल्यावर ती रडत होती का गं?”

“माहीत नाही,” विद्या म्हणाली.

कारभारींनी नंतर कधीच काही विचारलं नाही. दुसरं लग्नही केलं नाही. कामावर जाताना डबा मात्र ते न चुकता घेत. स्वतःच्या हाताने भरून घेत.

पंधरा वर्षं गेली. विद्या मराठी शाळेत शिक्षिका झाली. तिने केस मानेपर्यंत कापले ते कापलेच. वर्गात एखादं मूल डोकं खाजवू लागलं की ती फळ्याकडे वळे. घरात त्या दिवसाचं नाव कुणी काढत नसे. आबा निवृत्त झाले, अबोल झाले. परागचं लग्न झालं, नाशिकची सुप्रिया सून म्हणून आली, तिला मानसी झाली. सुप्रियाला एवढंच ठाऊक होतं, की धाकट्या सासूबाई हृदयविकाराने गेल्या. तिला सांगणार कोण आणि काय?

वाचकहो, घरातली एखादी गोष्ट आपण झाकून ठेवतो आणि समजतो की ती संपली. ती संपत नाही. ती फक्त पुढच्या माणसाच्या नजरेआड होते.

१९९८ सालचा मार्च. शाळा साडेबाराला सुटली आणि विद्या घरी आली. दार ढकललं, आणि ती उंबऱ्यावरच थांबली. सडलेला लसूण! आणि रॉकेल!

 ती पुन्हा दहा वर्षांची झाली होती आणि पाठीशी भिंत शोधत होती.

“ताई, आलात का?” आतून सुप्रियाचा आवाज आला. “हिला बघा ना जरा. सकाळपासून नुसती पेंगतेय. दोनदा ओकली.”

चार वर्षांची मानसी पलंगावर पडली होती. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला आणि उशी लाळेने ओली.

“काय लावलंस डोक्याला?”

“काही नाही हो, तेल.”

“सुप्रिया! काय लावलंस?”

सुप्रियाचा चेहरा पडला. “बालवाडीच्या बाईंनी सांगितलं, उवा झाल्यात. आईंना कळलं असतं तर म्हणाल्या असत्या, नाशिकहून आणल्या. शेजारच्या भाभींचे मिस्टर शेतीच्या औषधांच्या कंपनीत आहेत, त्यांनी थोडंसं दिलं. रामबाण आहे म्हणाल्या. ताई, कुणाला सांगू नका ना!”

विद्याने वाकून मानसीची पापणी वर केली. काळा ठिपका मोहरीएवढा.

पुढचं तिला नीट आठवत नाही. मुलीला उचलून ती रस्त्यावर धावली, मागून सुप्रिया आणि हाक ऐकून बाहेर आलेले आबा.  रिक्षात विद्या फक्त मानसीचा श्वास मोजत होती. एक थांबला, की दुसरा येईपर्यंत तिचाही अडायचा.

तोच दवाखाना. इमारतीला नवा रंग, डॉक्टर नवे, प्रश्न मात्र तोच.

“काय झालं? काही पोटात गेलंय का? घरात कुठलं औषध होतं?”

सुप्रियाने सासऱ्यांकडे पाहिलं.  आबांच्या तोंडून सवयीनेच निघालं, “काही नाही साहेब, आमच्या घरात तसलं...”

परिचारिकेने नळी हातात घेतली. डॉक्टर म्हणाले, “पोट धुवायची तयारी करा.”

 खांद्यावर एक हात आवळत चालल्यासारखं विद्याला वाटलं. पण तिथे कुणाचाच हात नव्हता! मोठीआई घरी होती. तिला धरून ठेवणारं त्या खोलीत कुणीही नव्हतं.

“पोटात नाही!” ती ओरडली. “डोक्यात आहे! कीटकनाशक लावलंय डोक्याला, उवांसाठी. सकाळी लावलंय. अजून केसांतच आहे!”

 डॉक्टरांचा आवाज चढला. “आधी कपडे काढा! केस धुवा, साबणाने, पुन्हा पुन्हा! हातमोजे घाला! इंजेक्शन इकडे आणा!”

परिचारिकेने मानसीला मोरीत नेलं, कात्रीने केस उतरवले आणि पाणी सोडलं. पाण्याबरोबर तो वास वाहून जात होता. विद्या दाराशी उभी राहून बघत होती. या वेळी भिंतीला चिकटून नव्हे.

तासाभराने डॉक्टर बाहेर आले. “धोका टळला म्हणायला हरकत नाही, पण दोन दिवस इथेच ठेवू. बरं झालं तुम्ही बोललात. नाहीतर आम्ही पोट धूत बसलो असतो आणि विष वरून डोक्यातून आत जातच राहिलं असतं.”

विद्या खाली बसली. खाटेवरून लोंबणारी वेणी, आणि तिच्या टोकाशी जमणारा थेंब. त्या दिवशी ती कशाकडे बघत होती, ते तिला पंधरा वर्षांनी कळलं.

एवढ्यात मोठीआई धापा टाकत येऊन पोहोचली. कपाळावर हात मारून तिने सुरुवातच केली, “कुठून आणल्या गं बाई या उवा? कुणाजवळ बसते ही बालवाडीत?”

हातमोजे काढत असलेली परिचारिका वळली.

“मोठीआई, ओळखलंत का? मी जया. चिमाबाईची.”

मोठीआईने तिच्याकडे निरखून पाहिलं.

“लहानपणी तुम्ही मला ओसरीवर यायची बंदी केली होती. माझं डोकं तेव्हा साफ होतं, मोठीआई. माझी आई दर बाजाराच्या दिवशी घरातल्या झाडून सगळ्यांना बसवायची, केस ओले करायची आणि बारीक फणी चालवायची. झालं की फणी उकळत्या पाण्यात टाकायची. मोठी माणसंसुद्धा सुटायची नाहीत. माझा बाप कुरकुर करायचा, तर म्हणायची, ‘तुझ्या डोक्यात काय उवांना यायला लाज वाटते?’ तुमच्या घरातून एकट्या मंजुळाबाईंनी माझं डोकं उघडून बघितलं होतं.”

“पण घाणीत राहणाऱ्यांनाच...” मोठीआई पुटपुटली.

“घाणीचा काय संबंध? डोक्याला डोकं लागलं की ऊ जाते. तुमच्याकडे तर फणीसुद्धा एक होती. ऊ म्हणजे आजारही मोठा नाही. खाजतं, महिनाभर चिकाटी धरली की जाते. इथे पोरं येतात ती उवांनी मरायला टेकलेली नसतात. तुम्हाला चार माणसांत तोंड दाखवायचं असतं म्हणून जे डोक्यावर ओतता ना, त्यापायी येतात!” जयाने हातमोजे बादलीत टाकले. “आणि मग विचारलं तर सांगत नाही. दर वेळी तेच, शिळी भाजी खाल्ली म्हणे!”

आबा बाकावरून उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. “मी मारलं तिला,” ते भिंतीशीच बोलले. “बाटली मी आणली आणि तोंड मीच बंद ठेवलं.”

मोठीआईने सुप्रियाकडे पाहिलं. सून अंग चोरून बसली होती, आता बोल खावे लागणार म्हणून. मोठीआई तिच्याजवळ गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने काही न विचारता, कुणाला दोष न देता पदराने तिचं तोंड पुसलं.

पुढच्या रविवारी त्या घराच्या ओसरीवर सगळे बसले. मुलं, सुना, आबा, मोठीआई, शेजारच्या भाभीदेखील. प्रत्येकाच्या हातात स्वतःची फणी होती. जयाने ओले केस विंचरून दाखवले आणि दर आठवड्याला, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी बसायचं असं बजावलं. चिमाबाईला मोठीआईने खुर्ची दिली, ती काही खुर्चीवर बसली नाही, पण जाताना म्हणाली, “आता बघितलंत ना बाय?” आबा गलोंड्याच्या वस्तीत घरोघर फिरून सांगू लागले, की कारखान्यातला माल घरात आणू नका, आणि चुकून अंगाला लागलाच तर डॉक्टरांपासून लपवू नका. ऐकणारे विचारत, तुम्हाला काय ठाऊक? ते सांगत. सगळं सांगत.

मित्रहो, या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच. ऊ कुणाच्याही घरात येते, तिची लाज धरण्याजोगं काही नाही. शेतातलं विष शेतासाठीच असतं. आणि डॉक्टर विचारतात तेव्हा ते आपली अब्रू विचारत नसतात, आपलं माणूस कसं वाचवायचं ते विचारत असतात. खरं बोलायला मूल पुढे आलं, तर त्याच्या खांद्यावरचा हात काढून घ्या.

पण हे सगळं पुढचं झालं. त्या दुपारी साडेतीन वाजता पहिली पाळी संपवून कारभारी दवाखान्यात आले. हातात रिकामा डबा. पंधरा वर्षांपूर्वी याच दारातून ते असेच पाळीवरून आत आले होते, आणि दाराशी येऊन त्यांचं पाऊल तसंच अडखळलं.

“काय झालं पोरीला?” त्यांनी कुणाकडेच न बघता विचारलं.

विद्या उठली. तिने त्यांच्या हातातला डबा घेऊन बाकावर ठेवला आणि त्यांचे दोन्ही हात धरले. तिला भीती वाटत होती. आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी.

“मानसी बरी आहे. बाबा, मला आईचं सांगायचंय. त्या दिवशी तुम्ही गेल्यावर ती थोडी रडली, मग डोळे पुसून कामाला लागली. ती काही प्यायली नव्हती, बाबा. तुमच्यावर रागावून ती गेली नाही. उवांसाठी घरात एक औषध आणलं होतं, आम्हा मुलांच्या डोक्याला लावायला. तिला भरवसा वाटला नाही, म्हणून तिने आधी स्वतःच्या डोक्याला लावून बघितलं. डॉक्टर विचारत होते तेव्हा मी इथे, या दाराशी उभी होते. मला माहीत होतं, बाबा. मी बोलले नाही.”